सेफ्टी व्हॉल्व्हवरचा क्लॅम्प

जबाब, ता. १४ मार्च १९९६
हिद्द पोलीस ठाणे, बहरीन

नाव रहिमतुल्ला अब्दुल लतीफ परकार, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (बॉयलर अटेंडंट), राहणार हिद्द, कंपनीची खोली. मूळ राहणार तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मी हिद्द येथील कापड रंगवण्याच्या कारखान्यात अकरा वर्षे बॉयलर चालवतो. विठ्ठल सोनू घाणेकर, वय ३४, राहणार गुहागर, हा माझा जोडीदार होता.

एक परदेशी कंपनी आमच्या मालकांना लहान अणुभट्टी विकू पाहते आहे. भट्टीने सदोदित एकसारखी उष्णता द्यायची आणि वाफ कमी पडेल तेवढीच आमच्या गॅसच्या बॉयलरने पुरवायची, अशी योजना आहे. भट्टीची आच घडीघडी कमी-जास्त करत नाहीत, म्हणून उरलेली वाफ सोडायला वेगळी टाकी लागते. ती अजून बसवलेली नाही.

ता. १२ रोजी सकाळी अकरा वाजता पाहुणे आले. एकसारख्या आचेवर कारखाना कसा चालतो ते त्यांना दाखवायचे होते. त्या कंपनीचे इंजिनिअर रेनफिल्ड यांनी आमच्या बॉयलरची आच एका जागी ठेवायला लावली. दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की मोठा आवाज होतो, म्हणून तो उघडू नये असा त्यांनी त्यावर क्लॅम्प आवळला. मी हरकत घेतली. सुपरवायझर झेवियर डाबरे मला मराठीत म्हणाले, "साहेब सांगतात, पाहुणे जाईपर्यंत हात लावायचा नाही. तासाभराचा तर प्रश्न आहे."

पावणेबारा वाजता जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजासाठी रंगाचे हौद बंद झाले. वाफ घ्यायला कोणी उरले नाही. दाबाचा काटा सातावरून नवाच्या पुढे गेला.

विठ्ठल म्हणाला, "रहिमतभाई, तुम्ही गॅस बंद करा. मी क्लॅम्प काढतो."

मी गॅसच्या कॉकपाशी गेलो. तेवढ्यात त्याच्या बाजूचा वाफेच्या नळीचा सांधा फुटला.

रेनफिल्ड दारापर्यंत आले. विठ्ठल वाफेने भाजून खाली पडलेला होता. झेवियर म्हणाले, "आधी जमीन धुऊन घ्या, पाहुणे ह्याच वाटेने जेवायला जाणार आहेत." जमीन धुतली. पाहुणे बिर्याणी जेवले. ॲम्ब्युलन्स त्यानंतर आली.

तीन वाजता झेवियर यांनी बॉयलरची नोंदवही आणली. काटा शेवटपर्यंत सातावर होता आणि विठ्ठलने न विचारता सांधा खोलला, असे लिहून तयार होते. ते म्हणाले, "व्हिसा कंपनीच्या हातात आहे, रहिमत." मी सही केली. मग हात साबणाने तीनदा धुतले.

ता. १३ रोजी सकाळी मी सलमानिया हॉस्पिटलात गेलो. विठ्ठलने विचारले, "तुम्हांला लागलं नाही ना?" मी नाही म्हटले. सहीचे सांगितले नाही. दुपारी एक वाजता तो वारला.

नोंदवहीतील सही माझीच आहे. सहीच्या वरील मजकूर खोटा आहे.

माझा जबाब दुभाषी कॉर्नेलियस यांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके जागी 'अपघात' असा शब्द होता. तो मी उच्चारलेला नव्हता, म्हणून खोडायला लावला. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
र. अ. परकार