बिननाकाची फळी

तुम्ही म्हणाल, अकोल्यातल्या कूलरवाल्याचा समुद्राशी काय संबंध? सांगतो. माझा भाचा सुमित गोव्यात नोकरी करतो आणि मोठ्या पतंगाची दोरी धरून, फळीवर उभा राहून लाटांवर पळतो. ती फळी तो आईला दाखवायला अकोटला घेऊन आला. परत निघताना जीपच्या टपावर तिचं टोकदार नाक मोडलं, आणि स्पर्धा चार दिवसांवर.

फळी फायबरची, आमच्या कूलरची बॉडीही फायबरची, म्हणून तो थेट माझ्या दुकानात आला. वानखडे मिस्त्रीनं वीतभर नाक सरळ कापून टाकलं आणि कड फायबरनं बंद केली.

"मामा, नाकाबिगर लाटेत बुडीन ना मी!"

"बक्षीस काय नाकाले भेटते का?"

तोंड पाडून गेला. स्पर्धेनंतर फोन आला.

"मामा, लहान लाटेवर जागच्या जागी वळते. मोठ्या लाटेवर मात्र थरथरते. दुसरा नंबर आला."

"पयला काहून नाही?"

"पयल्यावाल्याची फळी कंपनीतूनच बिननाकाची होती."

मी हे मिस्त्रीला सांगितलं. कूलरची जाळी ठोकता ठोकता तो म्हणाला, "म्हणजे कंपनीवाल्यायनंबी पयली फळी जीपच्या टपावरच नेली असन."