सूनबाईंची हजेरी

मुरबाड स्टँडवर कल्याणची गाडी भरत होती. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. एक तरुण मास्तर घाईघाईनं चढले आणि त्यांच्या शेजारी टेकले.

"माधुरी मॅडम, बरं झालं सापडलात. आज सुनावणी ना?"

"हो. एवढ्यासाठी धसईहून आलात, भावेश सर?"

"सगळ्यांनी पाठवलंय. तुमाला मुख्याध्यापक पदावरून काढलं, तेव्हापासून कोणाचाच पगार नाय. पगारबिलावर नव्या माणसाची सही शिक्षण ऑफिस मानत नाय, तुमची सही संस्था मानत नाय."

"माझाही झालेला नाही."

"तुमी केस मागं घ्या, लगेच सगळं मोकळं होईल, असं अध्यक्ष म्हणतात."

"अध्यक्षांच्या सूनबाई येतात का आता शिकवायला?"

"नाय."

"आणि हजेरी?"

"लागते."

"मी ती लावली नाही, म्हणून घरी बसले. आता माझंच चुकलं असं लिहून देऊ?"

"मॅडम, घरी बायकोचे, मनालीचे दिवस भरत आलेत. वाणी उधार देत नाय."

"मग तुम्हीच सांगा. घ्या म्हणालात तर घेते मागे."

"माझ्यावर नका टाकू."

"कोर्टात विचारतील, त्या बाई वर्गात येत नव्हत्या हे कोण सांगतंय? माझ्या बाजूनं बोलायला एकही माणूस नाही, सर."

कंडक्टरनं दार ओढलं.

"कुणाला उतरायचंय का?"

मास्तर उठले. दाराकडं पाहिलं आणि परत मॅडमच्या शेजारी बसून खिशातून पैसे काढले.

"कल्याण द्या. माझं फुल, मॅडमचं लेडीज हाफ."