पुरस्कार आणि शेवटची भाकरी

लग्न होऊन विंझरला आले, त्याच आठवड्यातली गंमत सांगते. आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग सासूबाई आणि मी. त्या दिवशी जेवता जेवता मामंजींनी पेपरातली बातमी काढली. जगाचं धान्य वाढवणाऱ्या आपल्या एका शास्त्रज्ञाला परदेशात मोठा पुरस्कार मिळाला होता.

"आता जगात कुनी उपाशी ऱ्हानार न्हाई!" म्हणत बापलेकांनी टोपली रिकामी केली. शेवटची भाकरी ह्यांच्या हातात होती.

भुकेनं माझी लाज पळाली. दाराआडून म्हटलं, "मामंजी, जगाचं भागलं असेल, पण हितं दोघी उपाशी आहेत."

ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाई पदरात तोंड खुपसून हसत सुटल्या, "अगं बया, पोरगी बोलती की!"

मामंजी ताडकन उठले, स्वयंपाकघरात शिरले आणि सासूबाईंना विचारू लागले, "पिठाचा डबा कुठं असतोय गं आपला?"