भाव कोणी पाडला

— बसा ना सर, उभे काहून? त्या स्टुलावर बसा, रक्त उडलं तर पुसून घ्या. देते ना तुमच्या सर्वेची उत्तरं, हव, सगळी देते, पण माहा हात चालू राहू द्या, उरल्याच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली का इथं उभं राहाले जागा नसते. हरिदासचं दुकान बंद काहून म्हणता? हात कापल्या गेला त्याचा. मंगळवारी. सत्तूर घसरला — चिकनच्या धंद्यात होते असं. उजव्या हाताची तीन बोटं. पोलिसाले त्यानं तेच सांगितलं, डॉक्टरलेही तेच. दीर आहे माहा, सख्खा. आमचे हे, दिवाकर, गेले तेव्हा यानंच मले सत्तूर धराले शिकवलं, याच ठोकळ्यावर. मी कोंबडीची मान धरली की रडो, अन् तो म्हणे, वहिनी, डोळे मिटू नका, तुम्ही डोळे मिटले का तिले जास्त दुखते. — विचारा, काय विचाराचं ते. शेजारच्यानं भाव कमी केला तर तुम्ही काय कराल? वाचा पुढं. भाव कमी करीन. आहे तोच ठेवीन. दुकान बंद करीन. बस? तीनच?

सांगते. इतकी वर्षं या गल्लीत दोन दुकानं अन् एक भाव. सकाळी कोंबड्यांची गाडी आली का तो भिंतीपलीकडून आवाज दे — वहिनी, आज दोनशे वीस — अन् मी फळ्यावर लिहून टाको. माहा माल संपला तर गिऱ्हाईक मी तिकडं धाडो, त्याचा संपला तर तो इकडं. अन् एका रविवारी पाहते तर त्याच्या फळ्यावर एकशे ऐंशी. मले आवाज नाही, काही नाही. म्हटलं चुकला असन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जिच्या पोरीच्या लग्नात मी रातभर भांडे घासले ती बाई पदर तोंडावर घेऊन माह्यासमोरून गेली, तिकडं. तुमच्या पुस्तकात याले काय म्हणतात मले माहीत नाही, मी नरडं दाबणं म्हणते. पिंजऱ्यात कोंबड्या उन्हानं मरू लागल्या, मेलेल्या मी पोत्यात भरून फेकल्या. अन् डोक्यात एकच — भाऊ मेला, आता याले भावाची बायको उठवाची आहे, मधली भिंत फोडून एक दुकान कराचं आहे. विचारलं ना मी! दहादा विचारलं. मान खाली घालून निघून जाये.

मंगळवारी दुपारी गेली मी. सत्तूर मुद्दाम नाही नेला, काम करता करता गेली, हातातच होता. म्हटलं, हरिदास, माहं काय चुकलं तेवढं सांग. तो तोलून राहिला होता, हात ठोकळ्यावर. म्हटलं बोल. नाही बोलला. म्हटलं तुह्या भावाची शपथ, बोल. नाही बोलला. अन् मी डोळे नाही मिटले, सर, टक्क उघडे होते. हाडाचा आवाज तर मले रोजचाच आहे, पण हा ओला, वेगळाच. बोटं कलेजीच्या परातीत पडली, कलेजीतून निवडून काढली मी.

काय? हव, घसरला म्हटलं होतं मी. म्हटलं होतं. आता निघून गेलं तोंडातून. उठू नका, बसा, तुमच्या तीनपैकी कुठं खूण कराची ते पाहा. घामानं कागद भिजून राहिला तुमचा.

ऑटोत त्याचं डोकं माह्या मांडीवर. टॉवेल भिजला, साडी भिजली, खाली पत्र्यावर थेंब पडून राहिले. तेव्हा बोलला तो. म्हणे वहिनी, कॉलेजचे एक सर आहेत, सौमित्र सर, किलोमागं चाळीस रुपये ते भरून देतात, आपलं नुकसान नाही. महिनाभर भाव पाडाचा अन् शेजारचं दुकान काय करते ते पाहाचं, बस. कोणाले सांगाचं नाही, शेजारच्याले तर बिलकुलच नाही, नाहीतर अभ्यास बिघडते. महिना झाला का तुमाले सांगणार होतो म्हणे. अन् पुढं काय म्हणे माहीत आहे? सरले सांगू नका, मी तुमाले सांगितलं म्हणून. बोटं टॉवेलात, अन् याले तुमच्या अभ्यासाची पडली.

तोंड काहून उतरलं, सर? समोरच्या टपरीवर बसून मोजत होते ना रोज — इकडचे किती गेले, तिकडं किती वाढले? उन्हात बसले म्हणून मी थंड पाणी पाठवलं होतं तुमाले. प्यायले तुम्ही. तेव्हा एक शब्द बोलले असते तर माह्या दिराचा हात हात राहिला असता. खरं सांगू? सकाळपासून ह्या जेवढ्या माना तोडून राहिली, सगळ्या तुमच्या समजून तोडून राहिली. भीती वाटते? वाटू द्या. मले स्वतःचीच वाटते. पण तुमची मान तोडून त्याची बोटं येत नाहीत, अन् बोटं काही तुम्ही नाही तोडली. मी तोडली. तो माहं नाव घ्यायले तयार नाही. त्याची बायको, राधिका — तिलेही घसरला म्हणूनच सांगितलं. दवाखान्यातून येते, माह्या गळ्यात पडते, म्हणते दीदी, तुम्ही नसत्या तर ते वाचले नसते. मी तिले सूप करून देते, भात देते, आपल्या हातानं केस विंचरून देते तिचे. सांगाले तोंड उघडते अन् तोंडातून दुसरंच निघते. आज सांगीन म्हणते, रोज म्हणते. डबा घ्यायले येईनच ती आता, मागच्या दारानं —

कुठं पाहून राहिले, सर? माह्यामागं काय आहे?

राधिका. केव्हा आली तू? — डबा भरून ठेवला आहे, तिकडं, चुलीजवळ. बाई, ऐक माहं — ऐकलं. सगळं ऐकलं? — हव. मीच. घसरला नाही, मीच.

सत्तूर काहून उचलला, राधिका?

— बरं. हा ठेवला मी हात, ठोकळ्यावर.

सर, तुम्ही जा आता. बाहेरून शटर ओढा अन् जा.