आठ बाटल्या मोमोची चटणी

अगं, नवऱ्याला चटणीजवळ एकटं सोडायचं नाही, एवढंच सांगते. रविवारी मी मोमोची लाल चटणी केली. मिरच्या वाटून हात अजून झोंबतायत. बाटल्या उकळल्या, चटणी गरमच भरली, झाकणं घट्ट लावली. ह्याला फक्त म्हटलं, "बंद राहिली तर सहा महिने टिकेल, उघडली की लगेच संपवायची. उघडताना झाकण टक्कन वाजलं, की समजायचं बाटली नीट बंद झाली होती."

मी खाली भाजी आणायला गेले. परत येते तर आठही झाकणं ओट्यावर.

"चेक केलं," म्हणाला. "सगळी वाजली. एकही खराब नाही."

डोकंच फिरलं माझं. तेव्हापासून त्याच्या डब्यात रोज पोळी आणि चटणी. काल विचारतो, "भाजी कधी देणार?"

म्हटलं, "सात बाटल्या उरल्यात."