मोटारीच्या खोलीचं दार

(लोणखेड्याजवळचा ऊस. बांधावरची पाण्याच्या मोटारीची खोली, भर दुपार.)

भूमिका: कडीच नाहीये, काकी. नुसता पत्रा आतून लोटलाय मी.

सरलाबाई: हळू बोल. उसमांच शे तो आजून.

भूमिका: काकांना फोन लागला. सांगितलं त्यांना, मोटार चालू करायला आलो आणि पाटावर बिबट्या पाणी पीत होता. ट्रॅक्टर घेऊन निघालेत. बाहेर पाऊल टाकू नका म्हणाले.

सरलाबाई: मंग बठी ऱ्हाय. तितरसारखी. गवत निंदाले जास ना मी, पायजवळ ऱ्हास तरी हालत नही तो. मातीच वाटस.

भूमिका: पण पाय अंगावर आला की तितर फडफडून उडून जातो. आपण कुठे उडणार?

सरलाबाई: मंग काय करशी?

भूमिका: कॉलेजात माझा सेमिनार होता ना, त्यात वॉम्बॅट होता. ऑस्ट्रेलियातला. कांगारूसारखी पोटाला पिशवी, पण राहतो बिळात. कुणी मागे लागलं की आत शिरतो आणि ढुंगणाने बिळाचं तोंड बंद करतो. मागची बाजू इतकी निबर, की दात फारसे लागत नाहीत.

सरलाबाई: आनि पिलू?

भूमिका: पिशवीत. पिशवीचं तोंडही मागे असतं. उकरताना माती पिल्लावर पडत नाही.

सरलाबाई: सरक.

भूमिका: काय करतेस?

सरलाबाई: पाठ लावस दारले. तू भिंतकडे जाय.

भूमिका: मी नाही जाणार. तुझ्याशेजारी बसते.

सरलाबाई: बठ मंग. पाय मोटारले टेकाव, आनि बोलू नको.

भूमिका: काकी, तितर उडाले. दोन होते. दाराजवळूनच उडाले.

सरलाबाई: ऊना तो.

भूमिका: पत्रा खरवडतोय.

सरलाबाई: माले समजी ऱ्हायनं. पाठलेच लागी ऱ्हायनं.

भूमिका: दार आत येतंय, काकी.

सरलाबाई: पाय दाब. आखो जोरमां दाब.

भूमिका: थांबला वाटतं.

सरलाबाई: थांबना नही. वास ली ऱ्हायना.

भूमिका: ट्रॅक्टर आला. ऐक, माणसंही ओरडतायत.

सरलाबाई: आजून उठू नको.

गोपाल: सरला, मी शे. गया तो, पाटना पल्याड गया. दार उघड.

भूमिका: काका आलेत. ऊठ ना, काकी.

सरलाबाई: उठस. पहिले मन्हा हात सोड.

भूमिका: मी नाही धरलाय, काकी. तूच माझा धरलायस.