अहल्येचा गुडघा आणि माझा अभ्यास

नाही हो अक्का, गुडघा काढून फेकत नाहीत — कोण म्हणालं तुम्हाला? हाडांची झिजलेली टोकं तासतात, त्यांवर धातूची टोपी बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती, झालं. दुसऱ्या दिवशी उभं करतात. मला कसं माहीत? आठ वर्षं अभ्यास केलाय मी — माझ्या नाही, आमच्या हिच्या गुडघ्याचा, अहल्येच्या. जे. पी. नगरातल्या तीन डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तिघांनाही मी खोडून काढलं. मेथ्या भिजवल्या, एरंडाची पानं बांधली, यशवंतपूरच्या बाजारातून तेल आणलं — वासानं शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आराम? पडायचा की, स्वल्प. म्हणजे — ती कण्हायची थांबायची. मी विचारलं की थांबायची.

मग गेल्या वर्षी मी पुतण्याच्या लग्नाला चार दिवस म्हैसूरला गेलो, आणि हिनं काय करावं? मुलीला, संपदाला, घेऊन इथं, याच हॉस्पिटलात आली आणि गुडघा बदलून मोकळी! तपासण्या आधीच गुपचूप करून ठेवलेल्या. मी परत येतो तर बाईसाहेब वॉकर धरून वॉर्डात फिरतायत. रागावलो, का नाही रागावणार — मला न विचारता? तर म्हणते, “विचारलं होतं की, आठ वर्षं.” पुढे घरी व्यायाम सुरू झाले, तेव्हा दुखलं की मला हाक मारेल म्हणून मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचो. रडायची. हाक नाही मारली हो. दोन महिन्यांत जिना चढली. आता रोज सकाळी बनशंकरीच्या बागेत चार फेऱ्या, मैत्रिणी काय, हसणं काय — आणि माझं नाव त्रिविक्रम, तीन पावलांत जग मापणारा, तो बाकावर तिची पिशवी सांभाळतोय. कारण आता माझे गुडघे गेले. दोन्ही.

भीती? छे, ऑपरेशनची कसली भीती! माझी भीती वेगळीच होती — तिचं दुखत होतं तोवर मी कितीही हळू चाललो तरी पुढंच असायचो. ती चालायला लागली तर माझ्यासाठी कशाला थांबेल, असं — जाऊ दे. पण थांबते हो. रोज बाकापाशी येते, म्हणते, “उठा.” एवढंच. आजही तिनंच आणलंय. उद्या सकाळी माझं ऑपरेशन, डावा आधी.

सरी, सरी, बरं, पुरे आता — ती बघा काउंटरवरून येतेय — अहो, वळू नका! तुम्ही आपला पेपर वाचा. आणि तिनं विचारलंच, तर सांगा, हे गृहस्थ तोंडातून अक्षर न काढता बसले होते.